मार्लेश्वरचा कातळ आणि देवाचं लगीन

संक्रांत जवळ आली की गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब चालू असतानाच कुणीतरी विचारतं, "ताई, यंदा मार्लेश्वरला जायचं ना?" जायचंच. पण ज्या डोंगरात आपण चढतो, तो कुठून आला ते आज सांगते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला लाव्हारस बाहेर आला. एकदा नाही, पुन्हापुन्हा. एक थर थंड होऊन काळा कातळ झाला की त्यावर दुसरा. भाकऱ्यांची चवड रचावी तसा सह्याद्री रचला गेला. थरांमध्ये कुठेकुठे मऊ लाल माती असते. ती आधी झिजते, वरचा कातळ छपरासारखा पुढे राहतो. डोंगरातल्या कितीतरी कपारी अशाच झाल्या.

मार्लेश्वरची गुहा संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या पुढे मारळ गावाजवळ. सुमारे पाचशे पायऱ्या. दार ठेंगणं, वाकूनच आत जायचं. आत समईचा उजेड. कपारीत साप दिसतात. त्यांना कुणी मारत नाही, आपणही हात लांबच ठेवावा.

मकरसंक्रांतीला देवाचं लगीन लागतं. नवरी साखरप्याची गिरिजादेवी, पालखीतून येते. आंगवलीहून मार्लेश्वराची पालखी येते. लिंगायत पद्धतीने विधी होतात आणि गावोगावच्या मानकऱ्यांना त्यात आपापला मान असतो. एका लग्नाने एवढी गावं बांधून ठेवली, हा इतिहास मला राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा मोठा वाटतो. आपल्या आज्या तर गाडीरस्ता नव्हता तेव्हा पायी जायच्या.

काहीजणी पावसाळ्यात धारेश्वर धबधबा बघायला जातात. तेव्हा मात्र सांभाळा. आपल्याकडे ऊन असलं तरी वर कड्यावर पाऊस कोसळत असतो, आणि पऱ्याला बघताबघता लोंढा येतो. कुंडात उतरू नका, पोरांनाही उतरू देऊ नका. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीये गावावर दरड आली, ८० हून जास्त माणसं गेली. अतिवृष्टीत थरावरची माती पाणी पिऊन जड होते आणि घसरते. रेड अलर्ट असेल त्या दिवशी गाडी ठरलेली असली, पैसे भरलेले असले, तरी सहल पुढे ढकला.

संक्रांतीला गर्दी फार. म्हाताऱ्यांना पहाटेच चढवा, पाणी सोबत घ्या. उतरताना गुडघे जास्त दुखतात, तेव्हा काठी हवीच. आणि परतीच्या एसटीची वेळ देवरुख स्थानकावर जातानाच विचारून ठेवा.