गोव्यातील जुन्या मोटारी आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती

जुन्या मोटारींच्या गिअरबॉक्समधले झिजलेले भाग दुरुस्त करण्याचा, प्रसंगी नव्याने घडवण्याचा धंदा गोव्यात हौसेतून नव्हे, टंचाईतून उभा राहिला. १९५४-५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले. पेडणे तालुक्यातील पत्रादेवीची सीमा बंद झाली आणि भारतातून येणारा माल आटला. पोर्तुगीज राजवटीने त्यावर तोड म्हणून समुद्रमार्गे परदेशी माल सढळपणे येऊ दिला. जपानला जाणाऱ्या लोहखनिजाने त्यासाठी पैसा पुरवला. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन, फियाट अशा गाड्या याच काळात गोव्यात आल्या. सीमेपलीकडे भारतात मात्र तयार परदेशी मोटारींची आवक सरकारी धोरणामुळे जवळजवळ थांबत होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयात-नियम गोव्यालाही लागू झाले. गाड्या रस्त्यावर राहिल्या, त्यांचे सुटे भाग मात्र येईनासे झाले. मर्सिडीजच्या १८० डी आणि १९० डी या डिझेल गाड्या तर टॅक्सी म्हणून पुढे कित्येक वर्षे धावल्या. इंजिन दमले तर दुसरे बसवता येई. गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे क्लचचे हाऊसिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि स्टिअरिंगच्या खांबावरचा गिअरचा दांडा, सगळेच जुळवून घ्यावे लागे. म्हणून आहे तोच गिअरबॉक्स सांभाळणे परवडे.

उत्तर गोव्याच्या भूगोलाने या गिअरबॉक्सची झीज वाढवली. शापोरा नदीवर शिवोली-चोपडे पूल होईपर्यंत पेडण्याच्या किनारपट्टीला जाणारी गाडी फेरीबोटीतून पलीकडे नेत. केरीहून तेरेखोलला जायलाही फेरीच होती. धक्क्याच्या उतारावरून बोटीत चढणे, दाटीवाटीत पुढे-मागे करणे, पुन्हा चढावर निघणे, या सगळ्यात पहिला आणि रिव्हर्स हे दोनच गिअर राबतात. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत या दोन गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अडकण्याआधी वेग जुळवून घेणारी योजना, नसे. निर्यातीच्या फोक्सवॅगन बीटलला पहिल्या गिअरचा सिंक्रोमेश मिळाला तो १९६० च्या उत्तरार्धात. जीपचा पहिला गिअरही सरळ दातांचा, सरकून दुसऱ्यात अडकणारा. गाडी पुरती थांबण्याआधी दांडा ओढला की दातांची टोके खरवडली जात. त्यात पावसाळ्यातली दमट हवा आणि खाणपट्ट्यातली लाल धूळ.

या धंद्यातले डिचोलीचे महत्त्व या धुळीतूनच आले. शिरगाव, मये, पिळगाव या परिसरात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. १९५४ मध्ये स्थापन झालेली सेसा गोवा ही त्यातली एक मोठी कंपनी. खाणीतून नदीकाठच्या सारमानससारख्या धक्क्यांकडे खनिज वाहणारे टिपर, बार्जची इंजिने आणि खोदाईची यंत्रे यांना रोजची दुरुस्ती लागे. त्यामुळे लेथ, शेपर, वेल्डिंग आणि ती चालवणारे टर्नर-फिटर या भागात जमले. जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स हे त्यांच्याकडे फावल्या वेळचे काम असे. घर चाले ते टिपरवर. डिचोलीत तांब्या-पितळेच्या भांड्यांची आणि समयांची कारागिरी आधीपासून होती. तिच्यातून थेट मोटार-मेस्त्री निपजले असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. पेडण्यात खाणींचा असा आधार नव्हता. तिथले अवघड काम म्हापशाला किंवा डिचोलीला जाई, आणि मुक्तीनंतर सीमा उघडल्यावर सावंतवाडीमार्गे कोल्हापूरलाही.

गिअरबॉक्स उघडला की झीज बहुधा ठरावीक जागी सापडते. ‘गिअर सुटतो’ ही सर्वांत नेहमीची तक्रार. तिचे मूळ दातांत असतेच असे नाही. बेअरिंग सैल होऊन शाफ्ट तिरपा चालणे, गिअर सरकवणाऱ्या फोर्कची पाती झिजणे, गिअर जागी धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग मऊ पडणे, यांपैकी कशानेही गिअर सुटतो. जाणता मेस्त्री स्वस्त कारणे आधी तपासतो. बेअरिंगचे माप बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे असते, त्यामुळे मोटार दुर्मीळ असली तरी बेअरिंग दुकानात मिळते. बुश आणि थ्रस्ट वॉशर फॉस्फर ब्राँझमधून लेथवर काढतात. फोर्कवर पितळेचा थर चढवून तो कानशीने मापात आणतात. लेयर शाफ्टच्या दांड्यावर रोलरने खड्डे पाडले असतील, तर तो नवा करून ग्राइंड करावा लागतो.

खरी कसोटी दातांची. तुटलेल्या दातावर वेल्डिंगचा थर देऊन तो घासून आकारात आणण्याची रीत जुनी आहे, पण ती तात्पुरतीच समजावी. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दातांचे पाणी उतरते. नवा गिअर कापायचा तर आधी त्याचे माप ओळखावे लागते. जर्मन आणि इटालियन गिअर मॉड्यूलच्या, म्हणजे मिलिमीटरच्या, हिशेबात असतात, अमेरिकन जीपचे डायमेट्रल पिचच्या, म्हणजे इंचाच्या. ८ डायमेट्रल पिच म्हणजे ३.१७५ मॉड्यूल. तिथे ३ किंवा ३.२५ चा कटर वापरला तर गिअर बसल्यासारखा वाटतो, पण गाडी पहिल्या दिवसापासून ओरडते. सरळ दात मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून निघतात. तिरप्या दातांसाठी हॉबिंग मशीन लागते. ते काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा बेळगावच्या उद्यमबागेत होते. डिचोलीहून बेळगावची वाट साखळी आणि चोर्ला घाटातून जाते.

कापलेला गिअर मऊच असतो. कमी कार्बनचे मिश्रपोलाद सुमारे ९०० ते ९३० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वातावरणात तासन् तास ठेवतात, मग तेलात बुडवून पाणी देतात. वरचा साधारण १ मिलिमीटरचा थर कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. सगळाच गिअर कठीण केला तर धक्क्याने दात उडतात. पाणी देताना गिअर किंचित वाकडा होतो, म्हणून जोडीचे दोन्ही गिअर एकदम बदलणे श्रेयस्कर. नव्या दाताला जुन्या दाताची झीज मानवत नाही.

सिंक्रोनायझरची ब्राँझची रिंग हा अखेरचा नाजूक भाग. तिच्या आतल्या कोनावर बारीक आटे असतात. ते गुळगुळीत झाले की गिअर टाकताना खरखर होते. तेलाची निवडही इथेच महत्त्वाची ठरते. डिफरन्शियलसाठी बनलेल्या जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये ब्राँझ खातात, म्हणून जुन्या गिअरबॉक्सला सहसा जीएल-४ घालतात.

मारुतीच्या आगमनानंतर जुन्या टॅक्सी हळूहळू हटल्या. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले आणि डिचोलीच्या कार्यशाळांचा मुख्य आधारच गेला. उरले ते मुख्यतः हौशी मालकांचे काम. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि व्यावसायिक वापरास मनाई. वाहन मूळ स्वरूपात असावे, अशी तिची अट आहे; तीत सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतील फेरफारांचा उल्लेख आहे, गिअरबॉक्सचा नाही.