मिरासदार, उपरी व भाडेकरी : फोंडाघाटाच्या दोन्ही बाजूंचा कूळ-मालक व्यवहार

कोल्हापुराहून पश्चिमेस निघालेली वाट राधानगरीवरून दाजीपुरास जाते व तेथून फोंडाघाटानें कोंकणांत उतरते. श्रीशाहू छत्रपतींनीं आपली कन्या राधाबाई हिच्या नांवावरून नांव दिलेलें हें गांव भोगावतीवरील धरणामुळें सर्वांस ठाऊक आहे. धरणाचें काम महाराजांच्या हयातींत सुरू झालें, अर्धवट राहिलें व त्यांच्या मागें बऱ्याच वर्षांनीं पुरें झालें. परंतु आम्हांस येथें धरणाविषयीं लिहावयाचें नाहीं. हें गांव ज्या घाटवाटेवर आहे, तिच्या एका अंगास मिरास व उपर यांची देशावरील वहिवाट होती. घाट उतरून कोंकणपट्टीनें उत्तरेस रत्नागिरीकडे गेलें म्हणजे खोतीचा मुलूख लागे. दुसऱ्याच्या जागेंत राहणाऱ्यास किंवा ती कसणाऱ्यास हक्क कोणता, आणि त्या हक्काबरोबर ओझें कोणतें, या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें एकाच वाटेनें जोडलेल्या दोन प्रदेशांनीं दिलीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

पुष्कळांची समजूत अशी दिसते कीं, कुळास किंवा भाडेकऱ्यास मालकाविरुद्ध हक्क असतो ही कल्पनाच आमच्याकडे नवी व परकी आहे. जुन्या काळीं मालकाची मर्जी हाच कायदा होता. जुन्या कागदांवरून ही समजूत टिकत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम मिरास घेऊं. मिरासदार अथवा थळकरी याचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा असे. ती त्यास विकतां येई, गहाण ठेवतां येई, दान देतां येई. इ. स. १८१९ मध्यें एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत त्यानें मिरासदाराची स्थिति स्पष्ट नमूद केली आहे : सरकारसारा भरीत आहे तोंपर्यंत त्यास काढतां येत नसे, आणि सारा थकून जमीन गेली तरी निदान तीस वर्षेंपर्यंत देणें चुकतें करून ती परत मागण्याचा त्याचा अधिकार राही. परंतु या हक्काची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. शेत पेरलें न पेरलें तरी सारा मिरासदाराच्या शिरावर असे, आणि कांहीं ठिकाणीं मिरासपट्टी म्हणून निराळी पट्टीहि त्यास द्यावी लागे. म्हणजे मिरास ही निव्वळ मालकी नव्हे. ती भाराशीं बांधलेली धारणा होती. भार उचलणारा निर्भय, एवढाच तिचा अर्थ.

उपऱ्याची गोष्ट निराळी. तो परगांवचा, कौल घेऊन जमीन करणारा. पडीत जमीन लागवडीस आणावयाची असल्यास त्यास इस्ताव्याचा कौल मिळे. पहिल्या वर्षीं धारा हलका, पुढें वर्षावर्षानें चढता, व ठरल्या मुदतीस पुरा. उपऱ्यास जमीन विकण्याचा हक्क नव्हता व गांवांत मिरासदाराचा मानहि नव्हता. म्हणून कित्येक लेखकांनीं तो अगदीं निराधार होता असें लिहिलें आहे. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. ज्या काळीं जमीन उदंड व कसणारे हात थोडे, त्या काळीं कौल मोडणाऱ्या पाटलाचें गांव ओस पडण्यास वेळ लागत नसे. उपरी बैल सोडून शेजारच्या गांवीं जाई. त्याचें रक्षण कायद्यानें नव्हे, तर माणसांच्या टंचाईनें होत होतें. पुढें टंचाई संपली तेव्हां तें रक्षणहि संपलें, हें या विवेचनांतील मुख्य सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां घाटाखालीं पाहूं. खोत हा सरकार व रयत यांच्यामधला. त्याच्या गांवांतील धारेकरी सरकारी धाऱ्यापुरताच बांधलेला असे व त्याची धारणा हस्तांतरास योग्य होती. साधें कूळ मात्र भातशेतीवर अर्धेल, वरकस पिकावर तिर्धेल देई, व शिवाय वेठ. इ. स. १८८० च्या खोती कायद्यानें कुळांचे वर्ग ठरवून दिले. जें कूळ इ. स. १८४५-४६ पासून अखंड वहिवाट सिद्ध करील त्यास कायम कुळाचा हक्क मिळावयाचा होता. पण सिद्ध कशानें करावयाचें? हिशेबाची वही खोताच्या घरीं. कुळाच्या हातीं बहुधा तोंडी साक्षीपलीकडे कांहींच नसे. अलिबाग तालुक्यांत चरी येथें इ. स. १९३३ मध्यें नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें कुळांनीं जो संप केला, तो सुमारें सहा वर्षें चालला. इ. स. १९३७ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. प्रत्यक्ष कायदा १९४९ सालीं झाला.

देशावर काय झालें? इंदापूर तालुक्यांत इ. स. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं सुरू केलेल्या पाहणीपासून इंग्रजी मुलखांत मिरासदार व उपरी हा भेद हळूहळू पुसला जाऊन दोघेहि खातेदार झाले. उपऱ्याचा यांत लाभ झाला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु खातेदाराच्या हाताखालीं जें नवें कूळ उत्पन्न झालें, त्याचें नांव दप्तरांत नव्हतें, आणि आतां जमीन थोडी व हात उदंड अशी उलट स्थिति आली होती. इ. स. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या ८३ व्या कलमानें एक पळवाट ठेविली : कुळवहिवाट इतकी प्राचीन असेल कीं तिच्या आरंभाचा पुरावाच मिळूं नये, तर ती मालकाच्या धारणेइतकीच टिकणारी आहे असें गृहीत धरावें. इतरांस नोटीस पुरे. पुढें १९३९ व १९४८ च्या कूळकायद्यांनीं कुळास जें संरक्षण दिलें, आणि १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्यांचा दिवस ठरवून मालकीकडे जी वाट काढून दिली, तिच्या मुळाशीं नव्या कल्पनेपेक्षां मिरासेचेंच जुनें तत्त्व आहे : कसावें, देणें द्यावें, व निर्भय असावें.

हेंच तत्त्व शहरांतील बिऱ्हाडांसहि लागू पडलें. पहिल्या महायुद्धांत मुंबईंत जागेची टंचाई झाली तेव्हां इ. स. १९१८ मध्यें भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला; पुढें १९४७ चा, व ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा. या शेवटच्या कायद्यांत, तो जेथें लागू आहे तेथें, भाडेकरी योग्य भाडें देत आहे व करारांतील अटी पाळीत आहे तोंपर्यंत, कायद्यांत सांगितलेल्या कारणांवांचून त्यास काढतां येत नाहीं. मालकानें जागा दुरुस्त राखावी, पाणीवीज तोडूं नये, भाड्याची लेखी पावती द्यावी. करार लेखी व नोंदणीकृत असावा, व नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयीं भाडेकऱ्याचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जावें. खोताच्या वहीपुढें हात जोडून उभ्या राहिलेल्या कुळाच्या दृष्टीनें हा केवढा पालट आहे! कागद नसल्याचा तोटा पूर्वीं दुबळ्यास होई. आतां तो ज्यानें कागद करावयाचा त्यास होतो.

येथें आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंती करावीशी वाटते. जुन्या वाड्यांतील रुमाल उलगडले म्हणजे सनदा, मोर्तबांचे कागद व सरदारांचीं पत्रें एका बाजूस निघतात. कौलनामे, कबुलायती, भाडेचिठ्ठ्या व पावत्या दुसऱ्या बाजूस पडतात व बहुधा रद्दींत जातात. राजाचा इतिहास पहिल्या ढिगांत असेल, परंतु रयतेचा दुसऱ्यांत आहे. हे कागद एकमेकांपासून तोडूं नयेत. कौल व त्याच्या पावत्या एकत्र असल्या तरच इस्तावा खरोखर पाळला गेला कीं नाहीं हें कळतें. कालनिर्णयांतहि सावध असावें. एकाच वर्षाचा फसली आंकडा सुहूर आंकड्याहून नऊनें अधिक असतो. फसलीचें वर्ष सुहूर म्हणून वाचलें तर कागद नऊ वर्षें पुढें सरकतो, आणि मुदतीच्या कौलांत नऊ वर्षांची चूक म्हणजे पाळलेला शब्द मोडलेला दिसणें होय.

मिरासदाराची तीस वर्षें, खोताच्या कुळाचें १८४५ साल, ८३ व्या कलमांतील अज्ञात आरंभ, आणि आजच्या भाडेकऱ्याची पावती, या चारी गोष्टींचा निकाल एकाच प्रश्नावर लागत आला : कोणी किती काळ राहिला व त्यानें काय दिलें, हें लिहून कोणी ठेविलें? राधानगरीच्या वाटेवरील दोन्ही अंगांच्या गांवांतून असे कागद अद्यापि पेट्यांत असतील. ते वाळवीनें खाल्ल्यावर कुळाची बाजू मांडण्यास कोणीहि साक्षीदार उरणार नाहीं.