रामशास्त्री आणि वसईचा किल्ला

वसईच्या किल्ल्यात पाऊल टाकले की चिमाजी आप्पांची आठवण होते. 1739 च्या मे महिन्यात त्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. आम्हांला मात्र येथे एक न्यायाधीशही आठवतो.

रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. वय वाढल्यावर काशीस जाऊन त्यांनी विद्या केली, असे सांगतात. शाळा लवकर सुटलेल्या आमच्यासारख्यांना एवढी गोष्टही धीर देते. 1759 मध्ये ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. थोरल्या माधवरावांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि चुलते रघुनाथराव गादीवर आले. शास्त्रीबोवांनी चौकशी चालविली. तिचा धागा थेट नव्या धन्यापर्यंत पोचला. ‘देहान्त प्रायश्चित्त’ हे शब्द परंपरेने घरोघर नेले आहेत. ते जसेच्या तसे उच्चारले गेले की नाही, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. ज्याची चाकरी, त्यालाच दोषी ठरवून त्यांनी पदावर पाणी सोडले, हे आम्हांला पुरे आहे.

पण निवाडा झाला म्हणून न्याय झाला काय? पुढे बारभाईंनी रघुनाथरावांना हटविले, तेव्हा ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. मार्च 1775 च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. डिसेंबर 1780 मध्ये इंग्रजांनी वसई जिंकली. 1782 च्या सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. साष्टी गेली ती गेलीच. आणि 31 डिसेंबर 1802 रोजी रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव यांनी याच वसईत तैनाती फौज पत्करली. सारा दोष एका खुनावर लादणे हा इतिहास नव्हे. पण हा धागा नजरेआड करणे हाही इतिहास नव्हे.

बारभाईंच्या कारभारात शास्त्रीबोवा पुन्हा न्यायासनावर आले. 1789 मध्ये ते वारले.

कामगार न्यायालयाच्या बाकांवर आम्ही पुष्कळ वर्षे बसलो आहोत. कामगाराच्या बाजूने लागलेले, पण अमलात न आलेले निकाल आमच्या पेटीत पडून आहेत. म्हणून आम्ही म्हणतो : निर्भय न्यायाधीश लाभला म्हणजे अर्धे काम झाले. रघुनाथराव गादीवरून उतरले ते निवाड्याच्या शब्दाने नव्हे, बारभाई एकत्र आले तेव्हा. उरलेले अर्धे काम एकजुटीचे असते, आणि ते आपले आहे.