जोडीचे किल्ले

दिवाळी आठवड्यावर आली की महाराष्ट्रातल्या अंगणांत डोंगर उगवू लागतात. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून आलेली पोरे दप्तर कोपऱ्यात फेकतात आणि फावडे शोधतात. मोडक्या विटा, दगडगोटे, फुटक्या कुंड्या यांचा ढीग रचायचा. त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरायचे. त्याच्या चुण्यांतून कडे, सोंडा आणि घळी काढायच्या. वरून चाळलेल्या मातीचा लेप द्यायचा आणि अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडायचे, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवा होतो. माथ्यावर महाराजांचे सिंहासन, दरवाजाशी भालदार, पायथ्याशी बाजार, गुहेत वाघ. हा वाघ बहुधा मावळ्याच्या दुप्पट असतो आणि विहिरीवरची गवळण महादरवाजात मावत नाही. पण प्रमाणाची ही गैरसोय आजवर कोणी मनाला लावून घेतलेली नाही.

भूमीची अशी हुबेहूब प्रतिकृती करण्याचा नाद केवळ आपल्याच मुलांना आहे असे नव्हे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री लूव्ह्वा याने 1668 साली राज्यातल्या तटबंद शहरांच्या लाकडी प्रतिकृती करवून घेण्यास आरंभ केला. त्यांतल्या अनेक आजही पॅरिसमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. वेढा कोठून घालावा, तोफा कोठे चढवाव्यात, हे राजाला वाड्यात बसून पाहता यावे, हा हेतू. पुढे 1812 साली प्रशियाच्या राजापुढे फॉन राइसवित्स नावाच्या गृहस्थाने एक टेबलच मांडले. त्यावर टेकड्या, नद्या आणि गावे यांचे ठोकळे हवे तसे जुळवावेत आणि दोन बाजूंनी युद्ध खेळावे अशी ती योजना होती. त्याच्या मुलाने तिचे नियम 1824 साली छापले आणि प्रशियाच्या सैन्याने तो खेळ शिक्षणासाठी उचलला. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने 1913 साली शिशाचे शिपाई घेऊन दिवाणखान्यात खेळायच्या लढायांवर एक पुस्तकच लिहिले. हा शौक जगभर अजून चालू आहे. टेबलावर डोंगर-दऱ्या रचण्यात प्रौढ माणसे महिनेच्या महिने घालवतात.

त्या टेबलात आणि आपल्या अंगणात कारागिरीचा फरक फारसा नाही. फरक आहे तो एवढाच की त्या टेबलाला दोन बाजू असतात. तिथे शत्रूला जागा दिल्याखेरीज खेळ सुरूच होत नाही. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू औषधालाही सापडत नाही. मावळे पहारा देतात, पण कोणापासून, हे किल्ला सांगत नाही.

डोंगरी किल्ल्याच्या बाबतीत ही उणीव खपून जाते. उंच माथा, त्यावर तट, आणि शत्रू खाली कोठेतरी, असे समजून चालता येते. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मात्र ती खपत नाही. (1981 पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, म्हणजे जिल्ह्याने जलदुर्गाचे नाव टाकून डोंगरी किल्ल्याचे घेतले.) थळपासून मुरुडपर्यंतचे किल्ले पाण्यात उभे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक दुसऱ्या कोणाकडे तरी पाहत उभा आहे. तरीही या पट्ट्यातल्या अंगणांत बहुधा रायगड आणि प्रतापगडच उभे राहतात. कारण साधे आहे. माती रचता येते, समुद्र रचता येत नाही. पण एखाद्या वर्षी तो रचून पाहावा. घरातली मोठी परात त्याला पुरेल.

आरंभ अलिबागच्या कुलाब्यापासून करावा. शिवाजी महाराजांनी 1680 साली याचे काम सुरू केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. ओहोटीला या किल्ल्यावर चालत जाता येते. भरतीला तो बेट होतो. म्हणजे अंगणातला कुलाबा एकदा करून भागत नाही, परातीत पाणी ओतून आणि काढून तो दिवसातून दोनदा करावा लागतो. त्याच्या तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय, नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटते, फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. मुलाने चिखल न वापरता खडे रचून परातीतले पाणी हाताने हलवून पाहावे. वर्गात तासभर सांगून जे उमगणार नाही ते बोटांना कळेल. उत्तरेस लगतच्या खडकावर सर्जेकोट आहे. त्या खडकावर शत्रूने तोफा चढवल्या असत्या तर कुलाबा धोक्यात आला असता, म्हणून तोही आपणच बांधून टाकला. ही झाली मित्रांची जोडी. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या कुलाब्यावर चाल केली, ती फसली.

दुसरी जोडी वैऱ्यांची. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, थळच्या समोर, खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. 1679 च्या पावसाळ्याअखेरीस मायनाक भंडाऱ्याने महाराजांच्या आज्ञेने खांदेरीवर माणसे उतरवली आणि तट चढवायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना हे आपल्या बंदराच्या तोंडावर बसवलेले ठाणे वाटले, आणि ते खरेच होते. त्यांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली, दौलतखान आरमार घेऊन आला, इंग्रजांचे एक गलबत मराठ्यांच्या हाती लागले. पण खरा निकाल लावला तो लहान होड्यांनी. उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, जड गलबतांना चुकवून त्या दगड, दाणा आणि दारूगोळा पोचवीत राहिल्या. इंग्रजांनी अखेर नाद सोडला. तेवढ्यात, 1680 च्या जानेवारीत, सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिच्यावर तोफा चढवल्या. तेव्हापासून या दोन बेटांचा एकमेकींवर मारा सुरू झाला. एकटी खांदेरी मांडली तर परातीत दोन टेकड्यांचे एक बेट दिसेल. उंदेरी शेजारी ठेवली की त्या बेटावर तट का आहे ते दिसेल.

तिसरी जोडी मुरुडची, आणि ती सर्वांत अवघड. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा. मूळचा कोळ्यांचा मेढेकोट, मग निजामशाहीचा, मग सिद्द्यांचा. हे सिद्दी आफ्रिकेतून आलेले. ‘जंजिरा’ हा शब्दही बेट या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला. सुमारे बावीस एकरांचे बेट, पाण्यातून सरळ उठलेला तट, आत गोड्या पाण्याचे तलाव, बुरुजावर कलालबांगडी तोफ, आणि अगदी जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा. त्या दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला शरभ कोरलेला आहे. बांधणाऱ्याला आपल्या बळाविषयी शंका नव्हती.

महाराजांनी हे बेट घेण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. किनाऱ्यावरचे दंडा-राजपुरी हाती आले, ते 1671 च्या शिमग्यात सिद्दीने परत घेतले. मग महाराजांनी जंजिऱ्याच्या वायव्येस कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला. जानेवारी 1675 च्या एका पत्रात ते प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला पद्मदुर्गाची रसद अडवून ठेवल्याबद्दल खडसावतात, आणि आपण राजपुरीच्या छातीवर दुसरी राजपुरी बसवल्याचे सांगतात. या पत्रात किल्ल्याची व्याख्याच आहे. पद्मदुर्ग हे एक उत्तर आहे, आणि ज्याला ते दिले तो समोर नसेल तर त्याला अर्थ उरत नाही. 1676 च्या वेढ्यात लाय पाटील या कोळी वीराने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची माणसे वेळेत आली नाहीत म्हणून उजाडण्यापूर्वी त्या काढून आणाव्या लागल्या, असे सांगतात. 1682 साली संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव घालून वाट करण्याचा घाट घातला. मोगल फौज चालून आल्यामुळे तो सोडावा लागला. हा प्रयोग परातीत मुठीमुठीने खडे टाकून कोणीही करून पाहावा. खडे किती लागतात हे मोजले की त्या मोहिमेची जिद्द आणि अडचण दोन्ही एकदम ध्यानात येतात.

पद्मदुर्गाच्या काही भिंतींत चिरे खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले आहेत आणि मधला चुना मधाच्या पोळ्यासारखा पुढे राहिला आहे. कुलाब्याचा तट चुन्याशिवाय टिकला, इथे चुना दगडापेक्षा टिकला. एकाच किनाऱ्यावर, पाचदहा वर्षांच्या अंतराने, समुद्राशी कसे वागावे याची ही दोन मते.

आता प्रमाण. जंजिरा वीतभर केला तर पद्मदुर्ग सुमारे दहा विती दूर ठेवावा लागेल, म्हणजे अंगणाची लांबी खर्ची पडेल. आज किती जणांजवळ अंगण उरले आहे? शहरात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. गॅलरीत ठेवायचे आणि तुळशीचे लग्न झाले की माळ्यावर टाकायचे. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड आहे, खांदेरी आहे. उंदेरी नाही, जंजिराही नाही. मराठ्यांच्या किल्ल्यांची यादी म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण मुलाच्या मांडणीला ते बंधन नाही.

त्याच्यापुढे खरी अडचण निराळी आहे. पद्मदुर्गावर मावळे बसवले. दहा विती पलीकडच्या जंजिऱ्यावर कोणाला बसवायचे? हे बेट लढून कोणी घेतले नाही. 1948 साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाच सिद्द्यांची सत्ता संपली. तिथे भगवा लावला तर तीन पिढ्यांचा झगडा खोटा ठरतो. मोकळे ठेवले तर लाय पाटील शिडी लावायला कोणाच्या तटाला गेला, तेच समजत नाही. कुंभाराच्या टोपलीत सिद्दी मिळणार नाही. पण त्याच साच्यातला एखादा मावळा उचलावा, पागोट्याचा रंग बदलावा, हाती निराळे निशाण द्यावे आणि त्याला बुरुजावर पद्मदुर्गाकडे तोंड करून ठेवावे.