चढत्या मात्रेची कुळकथा
ब्युप्रेनॉर्फिनचा जन्म 1966 सालचा, इंग्लंडमधल्या हल शहरातला. जॉन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफूतल्याच थेबेनपासून ते घडवलं. मॉर्फिनसारखं दुखणं थांबावं, पण मॉर्फिनसारखी सवय लागू नये, हा हेतू. चेन्नईत मात्र नव्वदच्या दशकात हेच औषध नशेचं इंजेक्शन झालं. ब्राउन शुगर ओढणारे अनेक जण त्याकडे वळले, एकाची सुई दुसऱ्याने वापरली आणि एचआयव्ही पसरला.

एचआयव्हीबाधितांसाठी तिथे उभ्या राहिलेल्या एका संस्थेवर मराठी आडनाव आहे: वाय. आर. गायतोंडे केंद्र. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्यासह त्यांनी 1986 मध्ये भारतातली पहिली एचआयव्ही लागण शोधली आणि 1993 मध्ये वडिलांच्या नावाने हे केंद्र काढलं.

नशेची मात्रा दिवसेंदिवस चढते, ती माणूस दुबळ्या मनाचा म्हणून नव्हे. अफूवर्गीय औषध पेशीच्या ज्या ग्राहीवर बसतं, तो 1973 मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिला. दोनच वर्षांनी शैल शर्मा, वर्नर क्ली आणि मार्शल निरेनबर्ग यांनी पुढचं कोडं सोडवलं. मॉर्फिन आलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन घटतं. ते रोजच येऊ लागलं की पेशी सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या विकराचा जोर वाढवून पातळी पूर्ववत करते. मग कालची मात्रा आज पुरत नाही. औषध बंद केलं की तेच विकर मोकाट सुटतं: घाम, जुलाब, अंगदुखी, झोपेचं खोबरं. शिवाय ग्राहीवर फॉस्फेट चढतात, अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याला चिकटतं आणि त्याचा पेशीच्या आतला संपर्क तुटतो. आतडी मात्र फारशी सरावत नाहीत. म्हणून मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णाचं बद्धकोष्ठ महिनोन् महिने टिकून राहतं.

ब्युप्रेनॉर्फिन त्याच ग्राहीवर घट्ट बसतं, पण त्याला पुरतं चेतवत नाही. एका मर्यादेपुढे मात्रा वाढवूनही श्वास मंदावण्याचा परिणाम फारसा वाढत नाही. म्हणूनच हे औषध आज सरकारी उपचार केंद्रांत गोळी होऊन परतलं आहे. परिचारिका ती कुटून जिभेखाली ठेवते, विरघळेपर्यंत समोर बसवून घेते. या कुळकथेतलं हे वळण मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

नशा सुटली की पेशी हळूहळू मूळपदावर येतात. सहनशक्ती जाते, ओढ राहते. उपचार घेऊन किंवा तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाचा श्वास जुन्याच मात्रेने बंद पडू शकतो. असं कुणी तुमच्या घरी परतलं असेल, तर हे त्याला आडपडदा न ठेवता सांगा.