मुद्रण-मांडणीचे संरक्षण, सामायिक तक्त्यातील

एकाच संगणकीय तक्त्यात अनेक जण माहिती भरत असताना त्याचे कागदावर उतरणारे रूप कायम राखण्याची व्यवस्था. कागदाचा आकार व दिशा, समास, छपाईचे क्षेत्र, पानतोड, प्रमाण आणि प्रत्येक पानावर पुन्हा येणाऱ्या शीर्षओळी यांचा या रूपात समावेश होतो. प्रस्तुत नोंद महसुली कामकाजापुरती असून ती रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात आहे (अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुका वेगळा).

महत्त्व : हे दोन्ही तालुके कर्जत उपविभागात मोडतात. त्यामुळे दोन तहसील कार्यालयांकडून आलेली माहिती प्रांत कार्यालयात एकत्र होते. उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील भातशेतीचे अतिवृष्टीने नुकसान झाले, की पंचनाम्यांच्या याद्या गावागावांतून येऊ लागतात. अशा यादीत खातेदाराचे नाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र, बँक खाते असे रकाने असतात. शीर्षओळ दुसऱ्या पानावर आली नाही, तर एकूण क्षेत्र आणि बाधित क्षेत्र हे शेजारचे दोन आकडे ओळखण्यासाठी रकान्याचे नाव कागदावर उरत नाही. मदतीसाठी ३३ टक्के किंवा अधिक नुकसानीची अट असल्याने अशा गोंधळाचा फटका शेतकऱ्याच्या मदतीला बसू शकतो. शेवटचा रकाना वेगळ्या पानावर गेला, तर कोणते बँक खाते कोणत्या नावाचे हेही पाने जुळवूनच ठरवावे लागते. मांडणी ही केवळ सजावट आहे, हा समज म्हणूनच टिकत नाही.

मांडणी आणि अर्थ यांचा हा संबंध संगणकाच्या आधीपासूनचा आहे. ब्रिटिश काळात अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या नियमपुस्तिकेने गावचे दप्तर ठरावीक नमुन्यांत बसवले. गाव नमुना १ ते २१ ही त्याचीच परंपरा. नमुना सात व नमुना बारा यांच्या माथ्यावर महाराष्ट्र जमीन महसूल अधिकार अभिलेख आणि नोंदवह्या नियम, १९७१ यांचा आधार छापलेला असतो. नोंद तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी) घ्यायची, पण रकाना कोठे असावा हे त्याने ठरवायचे नाही, अशी ही विभागणी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचे रूप बदलले, तेव्हा मयत खातेदारांची नावे व कर्जाच्या बोजांच्या कमी झालेल्या नोंदी कंसात दाखवण्याची जुनी पद्धत सोडून त्यांवर आडवी रेघ मारण्याची पद्धत आली. दोन खातेदारांमध्ये ठिपक्यांची रेघ आली आणि प्रलंबित फेरफाराची नोंद दिसू लागली. कंस किंवा रेघ हा इथे हक्क संपल्याचा पुरावा आहे. २०१८ पासून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तर थेट प्रणालीतूनच तयार होतो. नोंद घेणाऱ्याच्या हाती समास नसतो, आणि त्यामुळे मांडणी बिघडवण्याची संधीही नसते. एक्सेलच्या सामायिक फाइलमध्ये नेमकी ही विभागणी नाहीशी होते.

तांत्रिक बाजू : एक्सेलमधील शीट-संरक्षण प्रामुख्याने चौकटींतील मजकूर जपते. परवानगी न दिल्यास रकान्यांची रुंदीही बदलता येत नाही. पण समास, कागदाची दिशा आणि प्रमाण या पेज सेटअपच्या बाबी त्या कुलपाबाहेर राहतात. वर्कबुकच्या रचनेचे संरक्षण शीट वाढवणे वा काढणे रोखते, मांडणी बदलणे नाही. जुन्या शेअर्ड वर्कबुक सोयीत तर प्रत्येकाची छपाईची मांडणी स्वतंत्रपणे जपली जाई, म्हणजे एकाच फाइलच्या दोन टेबलांवर दोन वेगळ्या प्रती निघू शकत. कस्टम व्ह्यू छपाईची मांडणी साठवून परत आणते, मात्र वर्कबुकमध्ये एक्सेल टेबल असेल तर ही सोय चालत नाही. छपाईआधी चालणारा मॅक्रो योग्य मांडणी पुन्हा लावू शकतो. तो सर्वांत नेटका उपाय वाटतो. पण मॅक्रो बंद असलेल्या संगणकावर, ब्राउझरमधील एक्सेलमध्ये आणि मोबाइलवर तो चालतच नाही.

आक्षेप व उत्तरे : सर्वांना सरळ पीडीएफ द्यावी, असे सुचवले जाते. अंतिम प्रतीसाठी ते योग्यच आहे. पंचनाम्यांची यादी मात्र पुरवणी नावांनी वाढत राहते आणि प्रत्येक वेळी पीडीएफ ज्या फाइलमधून निघते तिचीच मांडणी मोडलेली असेल, तर चूकच गोठवली जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : एका कार्यालयात ए-फोर (२१० × २९७ मिमी) कागद, दुसऱ्यात लीगल (सुमारे २१६ × ३५६ मिमी), मग मांडणी जखडून गैरसोयच होईल. पण हा युक्तिवाद लवचीक फाइलच्या बाजूने जात नाही; तो दोन निश्चित छपाई-पानांच्या बाजूने जातो. भरण्याची शीट सामायिक असावी आणि छपाईची पाने वेगळ्या फाइलमध्ये, एकाच कर्मचाऱ्याच्या ताब्यात, केवळ वाचनासाठी खुली ठेवून तिथे माहिती दुव्याने खेचावी. यात एका माणसावर भार पडतो आणि तो रजेवर असताना काम अडू शकते, म्हणून मूळ टेम्प्लेटची प्रत तहसीलदाराच्या संगणकावरही असावी लागते. दप्तराची जबाबदारी नावानिशी ठरवणे महसूल खात्याला नवीन नाही.

गूगल शीट्स : येथेही संरक्षण चौकटींना व शीटना देता येते; छपाईचे पर्याय मात्र छापण्याच्या वेळी निवडले जातात.

टंक : पानतोड टंकावर आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरवरही अवलंबून असते. मंगल किंवा निर्मला यूआय या युनिकोड टंकांतील यादी, तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली की पर्यायी टंक येतो, ओळींची उंची बदलते आणि मांडणीला कोणी हात न लावताही शेवटच्या नोंदी पुढच्या पानावर सरकतात. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतील मजकूर तर टंकाविना वाचताच येत नाही. दोन्ही तालुक्यांत एकच युनिकोड टंक ठरवणे हा म्हणून मांडणी-संरक्षणाचा पहिला भाग ठरतो. छपाईच्या पानांची व्यवस्था त्यानंतरची.