अनुशेष कोणाचा, मोजला कोणी?

रिसोडच्या मोजदादीची हकिकत जुनी आहे. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांचा महसूल नोंदला आहे, त्यात बासिम, म्हणजे आपले वाशीम, आहे. दरबाराला सारा हवा होता. रयतेची हलाखी त्या वहीत कशाला येईल! पुढे इंग्रजांनी बासिमचा जिल्हा केला, १९०५ साली मोडला, आणि आमचा मुलूख अकोल्यात गेला. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

मधल्या ९३ वर्षांत एक मोठी मोजणी झाली. १९८३ साली राज्य सरकारने पुण्याच्या गोखले संस्थेत हयात घालवलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, वीज अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची, मागे राहिलेला जिल्हा त्या सरासरीला आणायला किती पैसा लागेल ते मांडायचे; हाच अनुशेष. १९८४ च्या अहवालात तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला, पैकी विदर्भाचा १,२४६ कोटी. हिशेब चोख होता, आम्ही त्याला बोल लावत नाही. पण मोजण्याचे माप जिल्हा हे होते. कापसाची मोठी बाजारपेठ आणि रेल्वे असलेले अकोला शहर अन् रेल्वे नसलेले रिसोड एकाच सरासरीत बसले.

या मोजणीत जमात नव्हती. ते काम २००५ साली नेमलेल्या सच्चर समितीने केले. अर्थतज्ज्ञ अबुसालेह शरीफ तिचे सदस्य-सचिव होते. २००६ च्या त्या अहवालाने मुसलमानांच्या तालमीचे, नोकरीचे, कर्जाचे आकडे देशापुढे ठेवले. महाराष्ट्रात महमूदुर रहमान समिती २००८ मध्ये आली, तिचा अहवाल २०१३ चा. २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो राहू दिला होता, तरी त्याचा कायदा झाला नाही.

आता आमच्या पोरापोरींकडे येऊ. अमरावती विद्यापीठही १९८३ चेच, दांडेकर समितीच्या वर्षाचे. बी.ए.ला अर्थशास्त्र घेणारी आमची मुले मागणीचा नियम पाठ करतात. तो विषय सोपा म्हणून घेतला, असेही सांगतात. सच्चर अहवालाचे नाव सभांतून कितीदा ऐकले, पण त्यातले तक्ते किती जणांनी उघडले? मोहल्ल्यातल्या किती घरांत मुलगी दहावीनंतर थांबली, किती गाडेवाल्यांनी बँकेकडे कर्ज मागितले आणि किती जणांना मिळाले, हे जिल्ह्याच्या सरासरीतून कळायचे नाही. घरोघर जाऊन विचारावे लागेल, आणि जनानखान्याचे दार उघडायचे तर ते मुलींनाच जमेल.